सायलीची नागली

परमुलखात राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींस घरच्या चवीचे मोल सांगावयास नको. सिल्व्हासाजवळचे सायली आता कारखान्यांचे गाव. तेथील एका लहानशा खाणावळीत परवा आमच्या पानात नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि मिरचीची चटणी आली. वारली-कोकणा घरांतले हे जुने जेवण. शेजारच्या बाकावरील वारली तरुणाने मात्र भात मागविला. भाकरी गरिबाची, असे तो संकोचून म्हणाला.

आम्हांस दक्षिण आफ्रिका आठवली. तेथे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला ‘पप’ घरी आणि उपाहारगृहांतही आवडीने खातात. मका तेथे अमेरिकेतून गेला. आपली नागली तर आफ्रिकेच्याच डोंगरपठारांवरून हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. धान्य कोठलेही असो, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ते रांधले त्यांचेच ते होते. २०२३ हे वर्ष जगाने भरड धान्यांचे म्हणून पाळले. मग नागली पिकविणाऱ्यानेच का लाजावे?

आम्ही दुसरी भाकरी मुद्दाम मोठ्याने मागितली. थोड्या वेळाने त्या तरुणानेही एक मागविली. आईच्या हातची याहून मऊ असते, असे तो म्हणाला. संकोच मात्र आता उरला नव्हता.