पहिल्या पराभवात संघ मोडीत काढू नका!

परवा वडिवळ्यात शेजारच्या मुलींबरोबर इंडियन विमेन्स लीगचा फुटबॉल सामना मोबाइलवर बघत होतो. मोसम नुकताच सुरू झालेला. चेंडू दोन बचावपटूंच्या मधून गेला, गोलकीपर पुढे आली आणि गोल! "अगं, एकमेकींशी बोला ना!" एक मुलगी ओरडली. दुसरी म्हणाली, "संपलं यांचं."

पहिलीचं निरीक्षण अचूक होतं. नव्या खेळाडू आल्या की बचावफळीचा ताळमेळ बसायला काही सामने जातात. सुरुवातीचे गोल बऱ्याचदा यातूनच होतात.

दुसरीसाठी हिशोब: विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. 2024-25 मध्ये 8 संघ होते, प्रत्येकाचे 14 सामने. एक हरलात तरी सावरायला भरपूर वाव.

आपल्या पुण्यातल्या बालेवाडीचंच बघा. 2022 च्या महिला आशिया चषकात फिलिपिन्स गटात ऑस्ट्रेलियाकडून 0-4 हरलं. पुढे 30 जानेवारीला बालेवाडीत चायनीज तैपेईला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून पहिल्यांदाच विश्वचषकात पोहोचलं. 2023 च्या त्या विश्वचषकात सहयजमान न्यूझीलंडलाही हरवलं!

म्हणून मुलींचे सामने बघा, मोसमभर बघा. नियम, गुणतक्ता, काहीही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.