मखदूमबाबा लिहीत काय होते?

शिवाजी पार्कावरून कॅडल रोडनं सरळ माहीमकडे निघालं की मखदूमबाबांचा दर्गा लागतो. दादर-परळकडच्या माणसाला तो ठाऊक असतो जत्रेमुळे. डिसेंबरातली गर्दी, पाळणे, हलवा-पराठा आणि मुंबई पोलिसांच्या मानाचा संदल. बाबा म्हणजे नवसाला पावणारे कुणी फकीर, एवढ्यावर आपली माहिती संपते.

मखदूम अली माहिमी हे ग्रंथकार होते. कोकणातल्या नवायत घराण्यात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्म, १४३१च्या सुमारास मृत्यू. पोर्तुगीज इथं यायला तेव्हा शंभरएक वर्षं अवकाश होता आणि माहीम हे गुजरातच्या सुलतानांचं बंदर होतं. त्या बंदरावर बसून त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, ‘तब्सीरुर्रहमान’. कुराणातल्या आयती सुट्या-सुट्या आहेत, एकीचा दुसरीशी मेळ नाही, हा आक्षेप जुनाच. माहिमींनी आयतीमागून आयत घेऊन मागचा-पुढचा धागा दाखवायचा चंग बांधला. एक सोडून सगळ्या सूरांच्या, म्हणजे अध्यायांच्या, आरंभी ‘बिस्मिल्लाह’ येतं. बहुतेक भाष्यकार त्याचा अर्थ एकदा सांगून मोकळे होतात. माहिमी तो दर सूरेच्या विषयाप्रमाणे नव्यानं लावतात. हे भाष्य पुढे एकोणिसाव्या शतकात कैरोजवळच्या बुलाकच्या छापखान्यात छापलं गेलं.

त्यांचं दुसरं धाडस म्हणजे इब्न अरबी. स्पेनमध्ये जन्मलेला हा सूफी तत्त्वज्ञ (११६५–१२४०) खरं अस्तित्व एकच मानणाऱ्या विचाराचा मोठा प्रवक्ता, आणि कित्येक उलेमांना तो खपत नसे. त्याच्या ‘फुसूसुल हिकम’वर माहिमींनी टीका लिहिली. अद्वैताची चर्चा ऐकत वाढलेल्या आपल्याला हा वाद परका वाटायचं कारण नाही. मात्र ‘म्हणजे आपलंच ते’ असं म्हणायची घाईही नको. त्यांची मांडणी कुराणातून निघते आणि कुराणाशीच परत येते.

शरियत म्हणजे एकच छापील कायदेपुस्तक, जगभरच्या मुसलमानांना सारखंच लागू, हा, बाबा म्हणजे नुसते फकीर यासारखाच, आपला दुसरा पक्का समज. सुन्नींतच चार प्रमुख पंथ आहेत. माहिमी शाफई, कोकणी मुसलमानही शाफई, कारण त्यांचं नातं समुद्रावरून येमेन-अरबस्तानाशी जुळलं. मदनपुऱ्यात मागावर कापड विणायला उत्तरेतून आलेले मोमीन बहुतेक हनफी. फरक कळायला कोलंबी पुरे: ती मासा आहे की नाही, खावी की नाही, यावर हनफी पंडितांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. शाफई माणसाला हा प्रश्नच पडत नाही. कोकणात राहून पडला असता तर कठीणच होतं! बोहरा आणि खोजा हे तर बहुतेक शिया, त्यांची परंपरा आणखी निराळी.

मुसलमान पुढाऱ्यांना आधुनिक शिक्षण नको होतं, हेही सरसकट बोललं जातं. अलिगढची शाळा निघाली १८७५ साली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा महंमद अली रोगे या मंडळींनी अंजुमन-इ-इस्लाम काढली. बोरीबंदरसमोरची तिची इमारत आपण लोकल पकडायच्या घाईत रोज ओलांडतो. हेच बद्रुद्दीन १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना आधी जामीन नाकारला गेला होता. तो मंजूर केला न्यायमूर्ती तय्यबजींनी. गिरगावात टिळकांच्या आठवणी निघतात तेव्हा हे नाव क्वचित ऐकू येतं.

विज्ञानाबाबत गैरसमज दोन्हीकडून आहेत. एक बाजू म्हणते, अरबांनी ग्रीकांचं ज्ञान युरोपात नुसतं पोचवलं. पण इब्न अल-हैसमनं अकराव्या शतकात कैरोत प्रकाशाचे प्रयोग केले, डोळ्यातून किरण निघतात ही ग्रीक कल्पना खोडली आणि टॉलेमीच्या खगोलविचारावर शंकांचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गणिती ख्वारिज्मीनं भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा हे नवव्या शतकात बगदादेत लिहिलं, आणि ते भारतीय म्हणूनच सांगितलं. दुसरी बाजू म्हणते, सगळे शोध कुराणात आधीच आहेत. पुष्पक विमानवाल्यांचे हे सख्खे भाऊ. खुद्द अल-बिरूनीसारखा शास्त्रज्ञ शास्त्र शिकायला पोथी उघडून बसला नाही. तो संस्कृत शिकला आणि भारतावरचा ग्रंथ त्यानं १०३०च्या सुमारास पुरा केला.

‘फतवा’ म्हणजे हुकूम, हा समज आपल्या वर्तमानपत्रांनीच रुजवला. तो असतो विचारलेल्या प्रश्नावर जाणत्या मुफ्तीनं दिलेला अभिप्राय. दुसऱ्या मुफ्तीचं मत वेगळं असू शकतं. फतव्याला कायद्याचं बळ नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१४ साली स्पष्ट केलं. हाजीअलीच्या दर्ग्यात बायकांना मजारीपर्यंत जाऊ न देणं हा पूर्वापार रिवाज, असंही लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात ती बंदी २०११-१२च्या सुमाराची. त्याआधी बायका आत जात होत्या. तिच्याविरुद्ध कोर्टात गेल्या त्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाझ आणि झाकिया सोमण. ऑगस्ट २०१६मध्ये मुंबई हायकोर्टानं बंदी उठवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका पुन्हा मजारीपर्यंत गेल्या.

धर्म आणि कायदा यांची फारकत करावी, असं मुंबईतल्याच एका पंडितानं याआधी कितीतरी वर्षं मांडलं होतं. चर्चगेटच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य आसफ फैजी (१८९९–१९८१) यांनी. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक वकील आजही चाळतात. एशियाटिक सोसायटीतली दान्तेची पोथी सगळ्या मुंबईला माहीत आहे. फैजींनी मुंबई विद्यापीठाला दिलेली इस्माइली हस्तलिखितं फारशी कुणाला माहीत नाहीत. त्यांची वर्णनात्मक सूची विद्यापीठानं १९६५ साली छापली आहे.