'स्प्रेड' म्हणजे नुसते 'पसरणे' नव्हे

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून कापड धंद्यात आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवताना आम्हांस नेहमी एक अडचण येते. 'स्प्रेड', 'एक्स्टेंड', 'एक्स्पांड', 'स्ट्रेच', 'स्कॅटर' या सर्वांपुढे मुले एकच अर्थ लिहितात : पसरणे.

वास्तविक हे भेद मराठीला नवे नाहीत. सतरंजी आपण अंथरतो, ती 'स्प्रेड'. रबर ताणतो, ते 'स्ट्रेच'. अर्जाची मुदत वाढते, ती 'एक्स्टेंड'. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीतले पसरणे मात्र 'स्प्रेड' नसून 'स्ट्रेच' आहे!

सुरतेचीच उदाहरणे घ्या. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीची बातमी फैलावली, ती 'स्प्रेड' झाली. लाखो लोक शहर सोडून चहूकडे पांगले, ते 'स्कॅटर' झाले. २००६ आणि २०२० साली महापालिकेची हद्द वाढवली, ती 'एक्स्टेंड' केली. शहर विस्तारले, ते 'एक्स्पांड' झाले.

ज्या मुलाच्या तोंडी अंथरणे, ताणणे, फैलावणे, पांगणे हे शब्द आहेत, त्याला समानार्थी शब्दांची यादी घोकावी लागत नाही. घरातून हे शब्द गेले, तर मराठी जातेच, आणि इंग्रजीही पाठांतरापुरती उरते. म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच : मुलांना इंग्रजी अवश्य शिकवा, पण घरात मराठी बोला, भरपूर बोला.