वर्ग एक, वेग अनेक

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभीच एक सावधगिरी शिकवली जाते : सरासरीवर विसंबू नये. दरडोई उत्पन्न वाढले म्हणजे शेतमजुराच्या ताटात दोन घास अधिक पडले, असा अर्थ होत नाही. उत्पन्नाच्या बाबतीत आपण पाळतो ती ही सावधगिरी शाळेच्या दारात मात्र विसरतो. पाचवीचे पाठ्यपुस्तक, पाचवीचे वेळापत्रक आणि पाचवीची परीक्षा ही सारी एका ‘सरासरी विद्यार्थ्या’साठी रचलेली असतात, आणि हा विद्यार्थी कोणत्याच बाकावर बसलेला आढळत नाही.

मग बाकांवर कोण असते? कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग व अलेहांद्रो गानिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दिल्लीतील सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. सहावीतील मुले गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे होती; नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. त्याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट ही की, एकाच वर्गातील मुलांच्या पातळ्यांत पाच ते सहा इयत्तांचे अंतर होते. शिक्षक फळ्यावर एकच उदाहरण सोडवतो. ते कोणाला फार सोपे असते, तर पुष्कळांना अगम्य. ग्रामीण भारताचे चित्र याहून वेगळे नाही. ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतील ४८.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. उरलेली निम्मी मुले इतिहास, भूगोल आणि विज्ञान कशाच्या आधारे शिकत असतील?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्या समाजात फार जुने आहे : ‘त्याच्यात मुळातच बुद्धी कमी.’ ‘ढ’ हे एकच अक्षर उच्चारले की शिक्षकाची, पालकाची आणि शासनाचीही जबाबदारी संपते. माणसामाणसांत जन्मजात फरक असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एरिक टर्कहाइमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सधन घरांतील मुलांच्या बुद्धिगुणांकांतील फरकांचा बराच भाग आनुवंशिकतेशी जोडता आला, तर गरीब घरांत तो जवळजवळ मुळीच जोडता आला नाही. तेथे घरची परिस्थितीच वरचढ ठरली. ज्या जमिनीला पाणीच मिळाले नाही, तेथील पिकावरून बियाण्याची पारख करता येत नाही, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही.

बिने यांचा हेतू आणि त्याची उलटापालट

बुद्धिमापनाचा इतिहासच या बाबतीत बोधप्रद आहे. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांच्या शिक्षणाची वेगळी सोय करता यावी, या प्रश्नावर फ्रान्समध्ये १९०४ साली एक आयोग नेमला गेला. त्या कामातून आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या सहकार्याने १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. हेतू साहाय्याचा होता. बुद्धी ही न बदलणारी राशी आहे, या समजुतीचा बिने यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला आणि मागे पडलेल्या मुलांना लक्ष व स्मरण यांची पद्धतशीर सवय लावता येते, असे प्रतिपादन केले. १९११ मध्ये ते निवर्तले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली, १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी तिला अमेरिकेत रूढ केले आणि पहिल्या महायुद्धात सतरा लाखांहून अधिक अमेरिकन सैनिकांची चाचण्या घेऊन प्रतवारी लावण्यात आली. कोणाला कोणती मदत हवी हे सांगण्यासाठी जन्मलेले साधन कोणाची लायकी किती हे सांगू लागले. मोजमाप तेच, प्रश्न मात्र उलटा झाला.

हा उलटा प्रश्न सुलटा करण्याचे श्रेय जॉन कॅरल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे जाते. १९६३ मध्ये त्यांनी असे सुचवले की, अभिक्षमता म्हणजे एखादी गोष्ट शिकण्यास लागणारा वेळ, असे मानून पाहावे. कल्पना साधी आहे, पण तिचे परिणाम दूरगामी आहेत. आपल्या शाळांत वेळ सर्वांना सारखा आणि म्हणून शिकणे विषम असते. शिकणे सारखे व्हावे असे वाटत असेल, तर वेळ कमीअधिक द्यावा लागेल. शंभरात पस्तीस गुण मिळवणारा मुलगा उत्तीर्ण होतो, म्हणजे पासष्ट गुणांचे अज्ञान बरोबर घेऊन पुढच्या इयत्तेत बसतो. हातच्याची वजाबाकी ज्याला येत नाही, त्याला भागाकार येणार नाही. ज्याला भागाकार येत नाही, त्याला अपूर्णांक समजणार नाहीत. या कर्जावर चक्रवाढ व्याज चढते आणि नववी-दहावीत मूल शाळा सोडते, तेव्हा आपण त्याला नादार ठरवतो.

पुढे ढकलणे की मागे ठेवणे?

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये आठवीपर्यंत कोणालाही अनुत्तीर्ण करू नये असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे इयत्ता. पुढे ढकलल्याने वजाबाकी येत नाही, आणि जो धडा पहिल्यांदा समजला नाही तोच त्याच वेगाने पुन्हा ऐकवल्यानेही ती येईलच असे नाही.

तिसरा मार्ग आहे आणि त्याची परीक्षा आपल्याच मुंबईत झाली आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतीलच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन पायाभूत वाचन व गणित शिकवत असे. तिचे मानधन महिना ५०० ते ७५० रुपये होते. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि ती मुख्यतः मागे पडलेल्या मुलांची होती. पुढे हरियाणात नियमित शिक्षकांनीच रोज एक तास मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवले, तेव्हा भाषेत फरक पडला. गणितात मात्र पडला नाही. सर्व विषयांवर एकच मात्रा चालते, असा दावा म्हणूनच करता येणार नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी ‘ढ’ मुलांची, ही व्यवस्था आपण पुष्कळ वर्षे पाहिली आहे. मुलांना पुन्हा त्याच पंक्तिभेदात बसवायचे काय? मुळीच नाही. त्या तुकड्या एकूण गुणांवर पडत, वर्षभर टिकत, आणि ‘ड’ तुकडीलाही पाठ्यपुस्तक तेच व परीक्षा तीच असे. तेथे वेगळे होते ते फक्त नाव, आणि ते नाव मुलाला चिकटत असे. पातळीनुसार गट हा एका कौशल्यापुरता, दिवसातील तास-दोन तासांपुरता असतो. वाचनात मागे असलेली मुलगी गणितात पुढच्या गटात बसू शकते आणि उतारा वाचता येऊ लागला की गट बदलते. जेथे गट बदलत नाहीत, तेथे हा आक्षेप पुन्हा खरा ठरेल, एवढे भान मुख्याध्यापकांनी ठेवले पाहिजे.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे, हे लक्ष्य २०२६-२७ पर्यंतचे ठेवले. लक्ष्य योग्य आहे. परंतु ज्या शिक्षकाला अभ्यासक्रम ‘पूर्ण’ केल्याचा अहवाल द्यावा लागतो, तो वर्गातील पुढच्या चार मुलांबरोबरच धावणार. दोष त्याच्या निष्ठेचा नाही, त्याच्याकडून आपण जो हिशेब मागतो त्याचा आहे. वेळापत्रकात त्याला रोजचा एक तास इयत्तेच्या बंधनातून मोकळा करून द्यावा, आणि वर्षाअखेरीस किती धडे झाले याऐवजी किती मुले वाचू लागली, हे त्याला विचारावे. पालकांनीही मुलाचा वर्गातील क्रमांक विचारण्याआधी जूनमध्ये त्याला काय येत नव्हते आणि आता काय येते, हे विचारावे. एवढा बदल करायला नवी इमारत लागत नाही की नवा कायदा.