ओव्हन नाही, तरी कुकीज: चॉकलेट-ओट्सचा घरगुती माल कुठे जमतो, कुठे फसतो

नो-बेक कुकीजचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, "सर, ओव्हन नाही, मग धंदा होईल का?" होईल. ओव्हनचा खर्च वाचतो ही या मालाची मोठी सोय आहेच. पण इथे ओव्हनचं काम साखरेचा पाक करतो. पाक चुकला की माल गेला. ज्यांच्या घरी संक्रांतीला चिक्की आणि शेंगदाण्याची वडी होते, त्यांना मात्र अर्धं काम आधीच येतं.

आधी माप. साखर ४०० ग्रॅम, दूध १२० मिली, बटर ११० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, ओट्स २७० ग्रॅम, शेंगदाण्याचं बटर १२५ ग्रॅम, व्हॅनिला एक चमचा. यातून साधारण एक किलो माल निघतो, म्हणजे २५ ग्रॅमच्या ४० कुकीज. वाटी-चमच्याचं माप घरच्यासाठी ठीक आहे. विकायचं असेल तर वजनकाटा घ्या, नाहीतर प्रत्येक घाण्याला चव बदलेल आणि हिशेबही लागणार नाही.

ओट्स साधे, छोट्या पाकळीचे घ्या. मसाला ओट्स नकोत (हसू नका, विचारणारे असतात). पाकिटातले ओट्स कारखान्यात वाफवून दाबलेले असतात, म्हणून ते न भाजताही चालतात. तरी मी लाडवाच्या रव्यासारखे मंद आचेवर पाच मिनिटं परतून घेतो, कच्चट वास जातो. शेंगदाणे भाजून, साल पाखडून, तेल सुटेपर्यंत मिक्सरला फिरवले की बटर तयार. विकतची बाटली घेऊ नका, पैसे तिथेच जातात. आणि पिवळं बटर बहुतेक वेळा खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालू नका.

आता मुख्य काम. साखर आणि कोको कोरडेच एकत्र करा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग दूध आणि बटर घालून मध्यम आचेवर ठेवा. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी आली असं नाही. सगळीकडून उकळी फुटली पाहिजे आणि ढवळलं तरी ती खाली बसता कामा नये. तिथून घड्याळ लावा. एक मिनिट, फार तर दीड. गॅस बंद. लगेच शेंगदाण्याचं बटर, व्हॅनिला, ओट्स. भराभर हलवा आणि बटर पेपरवर चमच्याने गोळे टाका. अर्ध्या-पाऊण तासात धरतात.

हे एक मिनिट इतकं महत्त्वाचं का? दुधातलं पाणी उडतं, पाक दाट होतो, आणि थंड होताना साखरेचे बारीक कण धरून कुकी उभी राहते. कमी उकळलं तर पाणी राहतं, कुकी कागदाला चिकटते आणि दुसऱ्या दिवशीही मऊच. जास्त उकळलं तर कोरडी पडून हातात भुगा. घड्याळावरच विसंबू नका, कारण पसरट कढईत पाणी लवकर उडतं, खोल पातेल्यात उशिरा. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघा. बोटाने गोळा करता आला, पण बाहेर काढल्यावर दबला, तर बरोबर. चिक्कीचा पाक कडक होईपर्यंत न्यायचा असतो, हा त्याच्या बराच अलीकडे थांबवायचा. आणि ऑर्डर मोठी आली म्हणून एकाच भांड्यात दुप्पट घाणा लावू नका. उकळीचा अंदाज बिघडतो, आणि शेवटचे गोळे टाकेपर्यंत भांड्यातच दगड होतो. दोन घाणे करा, एकामागून एक.

गुळाचं विचारता तुम्ही. दुधात गूळ उकळला की दूध फाटू शकतं. गूळच घालायचा तर दुधाऐवजी पाणी घ्या आणि ती वेगळी पाककृती समजून पुन्हा चाचणी करा.

आता आपल्या भागाचं बोलू. ही मूळची अमेरिकेतल्या घरांतली पाककृती. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, म्हणून नुसतं चॉकलेट वितळवून त्यात ओट्स घालायची जी सोपी पद्धत इंटरनेटवर दिसते, ती उन्हाळ्यात हिंगोलीच्या टपरीवर टिकत नाही. पाकाची कुकी मऊ पडते, तुपकट होते, पण आकार सोडत नाही. म्हणून मी पाकाचीच शिकवतो. पावसाळ्यात उलटा त्रास, साखर हवेतली ओल ओढते. गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका आणि बंद केल्यावर सारखा उघडू नका.

विकायचं कुठे? औंढा नागनाथला श्रावण सोमवारी, महाशिवरात्रीला गर्दी असते म्हणून तिकडे माल नेऊ असं बरेच जण म्हणतात. पण ते उपवासाचे दिवस आहेत, आणि ओट्स हे धान्य आहे. त्या गर्दीतला मोठा भाग हात लावणार नाही. त्यापेक्षा हिंगोलीच्या दसऱ्याचं प्रदर्शन, शाळा-कॉलेजजवळची दुकानं, कोचिंग क्लासची मुलं, वाढदिवसाची ऑर्डर. अंडं नाही, मैदा नाही, या दोन गोष्टी पाकिटावर ठळक लिहा. आपल्याकडे अंडं नाही म्हटलं की अर्धी गिऱ्हाइकं तिथेच तयार होतात.

एक मात्र लिहू नका: हेल्दी, डाएट, शुगरवाल्यांसाठी चालेल. वजन बघा, किलोला ४०० ग्रॅम साखर आहे! ओट्स घातले म्हणून ती नाहीशी होत नाही. कुणाच्या घरचे आजोबा तुमच्या शब्दावर दोन-चार खाऊन बसतील. अन्नपदार्थांवरच्या दाव्यांसाठी २०१८ चे वेगळे नियमही आहेत. गोड खाऊ आहे, गोड खाऊ म्हणूनच विका.

घरातून विकलं तरी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. फोस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर टाकायचा. सोबत घटक (वजनाने जास्त असलेला आधी), निव्वळ वजन, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, किंमत, पत्ता, हिरवा शाकाहारी ठिपका. दूध, शेंगदाणा आणि ओट्स यांची ॲलर्जीची सूचना विसरू नका. शेंगदाण्याचा त्रास काहींना जिवावर बेततो.

हिशेब असा मांडा. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या बाजाराचे भाव घाला. एका घाण्याचा कच्चा माल १९५ रुपये धरू. बटर आणि ओट्स यातच निम्म्याहून जास्त जातात. गॅस आणि बटर पेपर १०. आठ कुकीजचे पाच डबे, डबा-लेबल १२ प्रमाणे ६०. झाले २६५. बहुतेक ताई इथेच थांबतात आणि डबा ६० रुपयांना देऊन मोकळ्या होतात. तुमचा वेळ कोण देणार? दीड तासाचे १०० तरी लावा. ३६५ भागिले ५, म्हणजे डबा ७३ ला पडला. ६० ला विकलात तर प्रत्येक डब्यामागे १३ रुपयांची मजुरी तुम्ही गिऱ्हाइकाला फुकट दिली. १०० ला ठेवून दुकानदाराला २० टक्के दिलेत तर तुमच्याकडे ८०, शिल्लक ७. तेवढ्यात चार डबे परत आले की सगळं सपाट. १२० ला ठेवलात तर दुकानदाराचे २४ जाऊन ९६ येतात, डब्यामागे २३ उरतात. १२० ला गिऱ्हाईक नसेल तर डबा चारचा करा, भाव पाडू नका. मात्र डबे-लेबलं वाढतात, तेव्हा हिशेब नव्याने मांडा.

टिकण्याची तारीख मनाने टाकू नका. पहिल्या घाण्यातले चार डबे घरात, फ्रिजबाहेर ठेवा. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी एकेक उघडा. शेंगदाण्याचा खवट वास येतो का, चिकटपणा आलाय का, ते वहीत लिहा. दहाव्या दिवशीही ठीक असला तरी मी सुरुवातीला सातच दिवस लिहायला सांगतो. जास्त लिहायचे असतील तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. ही चाचणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा, अशी दोनदा करा. हिवाळ्यातल्या सात दिवसांवर मेमधल्या मालाची तारीख छापता येत नाही.