दहा कोंबड्यांचे गणित

अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य फस्त करते. दहा कोंबड्या म्हटल्या की रोज किलोभराहून थोडे जास्त, महिन्याला ३३ किलो आणि वर्षाला जवळजवळ ४०० किलो. परसात कोंबड्या पाळू पाहणारा माणूस आधी पिलांचा भाव विचारतो. खरा पैसा जातो तो या पोत्यांवर.

हिशेब मांडून पाहू. खाद्य ३५ रुपये किलो धरले, तर वर्षाचे १४ हजार रुपये होतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी विकसित केलेली ग्रामप्रिया वर्षाला साधारण १६० ते १८० अंडी देते. दहा कोंबड्यांची १,७०० अंडी धरली, तरी एका अंड्यामागे नुसत्या खाद्याचेच आठ रुपयांच्या वर जातात. कोंबड्या दिवसभर हिंडून किडे, कोवळे गवत, खळ्यात सांडलेले दाणे टिपत असतील आणि घरातली कणी, कोंडा, उरलेली भाकरी त्यांच्या वाट्याला येत असेल, तर विकतचे खाद्य निम्म्यावर येऊ शकते. मग तेच अंडे चार रुपयांच्या आसपास पडते. अस्सल देशी कोंबडी वर्षाला पन्नास-सत्तरच अंडी देते. तिला पूर्ण विकतच्या खाद्यावर पोसणे परवडतच नाही.

म्हणून जागेचा विचार दोन भागांत करावा लागतो: रात्रीची आणि दिवसाची.

रात्रीला फारसे काही लागत नाही. एका कोंबडीला दोन-अडीच चौरस फूट धरले, तर दहा जणींना सहा फूट बाय चार फुटांचे खुराडे पुरते. बसायला रुंदीत दोन आडव्या काठ्या टाकल्या की प्रत्येकीला लागणारी आठेक इंच जागा मिळते. अंडी घालायला चार-पाच जणींत एक खोके पुरे. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की उन्हाची तिरीप थेट आत येत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात याचे मोल कळते. कोकणात वैरी पाऊस. तिथे खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेले बरे, कारण खाली अंथरलेले भाताचे तूस ओले राहिले की रक्ती हगवण पसरायला वेळ लागत नाही.

काटकसर करू नये ती जाळीत. पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी महाग पडते, तरी एका रात्रीत अख्खे खुराडे रिकामे होण्यापेक्षा ती स्वस्त.

दिवसासाठी कुंपण घालायचे असेल, तर कोंबडीमागे किमान आठ-दहा चौरस फूट हवेत. मात्र एवढ्या जागेतले गवत काही आठवड्यांत उकरून संपते. तिथे कोंबड्यांचे पाय मोकळे होतात, खाद्याचा खर्च वाचत नाही. तो वाचवायचा तर शेताचा बांध, गोठ्यामागचा उकिरडा किंवा मोठी बाग लागते.

सुरुवातीच्या खर्चात एक गोष्ट हमखास विसरली जाते. एक दिवसाची पिल्ले नर-मादी न निवडता घेतली, तर निम्मे नर निघतात. दहा कोंबड्यांसाठी वीसेक पिल्ले आणावी लागतात. पहिल्या आठवड्यात त्यांना दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे पहिले अंडे दिसेपर्यंत पाच-साडेपाच महिने जातात आणि तोवर प्रत्येक मादी सात-आठ किलो खाद्य खाऊन बसते. हे सारे टाळायचे, तर आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. त्या महाग पडतात, पण नाजूक काळ उलटलेला असतो.

लसीचे गणित वेगळेच. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर दोन-चार दिवसांत कळप संपू शकतो. तिच्यावरची लासोटा लस पिल्ले पाच-सात दिवसांची असताना देतात. पण कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि फोडल्यावर दोन-एक तासांत वापरावी लागते. दहा पिलांच्या घरी उरलेली लस टाकूनच द्यावी लागते. आळीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले आणली, तर एक कुपी सगळ्यांना पुरते आणि खर्चही वाटला जातो.