शंभरातले किती? आणि कोणत्या शंभरातले?

पॅरासिटामॉलच्या पाकिटावर ‘५०० मिग्रॅ’ छापलेलं असतं, पण गोळी तराजूवर टाकली तर त्याहून जास्त भरते. समजा ५८० मिग्रॅ भरली. वरचे ८० मिग्रॅ म्हणजे स्टार्च, पूड बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, साच्याला गोळी चिकटू नये म्हणून घातलेलं मॅग्नेशियम स्टिअरेट. या सगळ्यात औषध किती, हे ते वेगळं न काढताच मोजता येतं.

‘इंडियन फार्माकोपिया’ या औषधांच्या मानकांच्या ग्रंथातली रीत अशी. वीस गोळ्या एकत्र तोलायच्या आणि खलात बारीक करायच्या. त्यातली १७४ मिग्रॅ पूड घ्यायची. हा विचित्र आकडा लेबलवरून येतो: लेबल खरं असेल, तर एवढ्या पुडीत नेमकं १५० मिग्रॅ औषध असायला हवं. ही पूड सौम्य कॉस्टिक सोड्यात खूप वेळ हलवून, पाणी घालून २०० मिली करायची आणि गाळायची. स्टार्च कागदावर राहतो, औषध खाली उतरतं. मग त्यातल्या १० मिलीचे १००, पुन्हा त्यातल्या १० चे १००. या पातळ द्रावणातून २५७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडला की पॅरासिटामॉल तो शोषून घेतं.

१०० मिलीत १ ग्रॅम पॅरासिटामॉल असेल, तर एक सेंटिमीटर जाडीच्या थराचं शोषण ७१५ धरतात. यंत्राने ०.५२९ दाखवलं असेल, तर ०.५२९ भागिले ७१५, म्हणजे दर १०० मिलीला ०.०००७४ ग्रॅम. पातळ करण्याचा हिशेब उलटा फिरवला की मूळ पुडीत १४८ मिग्रॅ औषध निघतं. १७४ पैकी १४८, म्हणजे वजनाने ८५ टक्के.

८५ ऐकून दचकायचं कारण नाही. त्याच हिशेबाने गोळीत ४९३ मिग्रॅ औषध आहे, म्हणजे लेबलच्या ९८.७ टक्के. मर्यादा ९५ ते १०५ ची आहे आणि ती लेबलच्या शंभरावर मोजतात, गोळीच्या वजनावर नाही. गोळी पास.

वीस गोळ्यांच्या पुडीचा आकडा हा शेवटी सरासरीचा आकडा. पॅरासिटामॉलला ते चालून जातं, कारण गोळीचा बहुतेक भाग औषधच असतो. थायरॉइडच्या गोळीत मात्र थायरॉक्सिन असतं ५० मायक्रोग्रॅम. गोळी १०० मिग्रॅची धरली तर अवघं ०.०५ टक्के. मिश्रण नीट घोटलं गेलं नसेल, तर एका गोळीत दीडपट आणि दुसरीत निम्मं औषध जाऊनही सरासरी चोख येईल. म्हणून असल्या गोळ्या एकेक सुट्या तपासाव्या लागतात.

रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनची गंमत आणखी वेगळी. गोळीत घालतात तो त्याचा बेसिलेट क्षार, ६.९३ मिग्रॅ, लेबल मोजतं ते त्यातलं ५ मिग्रॅ अ‍ॅम्लोडिपिन. तपासनीस हे रूपांतर विसरला, तर चांगल्या गोळीत १३९ टक्के औषध निघेल आणि कारखान्यात नसलेल्या चुकीचा शोध सुरू होईल.